कागदी प्लेटा

जॉर्जियातल्या मेकनच्या चर्चमध्ये व्हर्नेल टॉलिव्हरने आजवर काय काय आणलं नसेल! लग्नांना आणलं, बाप्तिस्म्यांना आणलं, ईस्टरला आणलं, एकदा तर स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आणलं. तिच्या मॅकरोनी-चीजचा ट्रे हॉलमध्ये शिरला की पाद्रीबुवांची प्रार्थना आपोआप आखूड व्हायची. अशा बाईला कागदी प्लेटा आणायला सांगण्याची हिंमत कुणी केली असेल, तर ती तिच्या जिवलग मैत्रिणीने, मोझेलने. तेही मोझेलचा नवरा लूशियस गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मयताच्या जेवणासाठी, फोनवरून. "व्हर्नेल, तू फक्त कागदी प्लेटा आण. मॅकरोनी ब्रियाना करतेय."

आमच्याकडे कोणत्या जेवणाला कोण काय आणणार हे निवडणुकीपेक्षा गांभीर्याने ठरतं. मॅकरोनी आणि बटाट्याचं सॅलड ही कामं ऐऱ्यागैऱ्याच्या हाती जात नाहीत. त्यासाठी बाईला वर्षानुवर्षं हाताची चव दाखवावी लागते. नव्या सुनेला फार तर बर्फ आणायला सांगतात. आणि जिच्या हातचं खाऊन एकदा लोकांनी गुपचूप रुमालात थुंकलेलं असतं, तिला चर्चमधल्या सगळ्या बायकांसारखं सिस्टर म्हणत अगदी मधाळ आवाजात सांगतात, "सिस्टर, तुम्ही ना, प्लेटा आणा."

ब्रियाना म्हणजे मोझेलची अटलांटाची सून. तिने मॅकरोनीत मटार घातले होते. वर पावाचा चुरा भुरभुरला होता. व्हर्नेलने तो ट्रे पाहिला, प्लेटांचा गठ्ठा दारातल्या टेबलावर आदळला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि ती घरी निघून आली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. वर्ष होत आलं. चर्चमध्ये एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. किराण्याच्या दुकानात एक दिसली की दुसरी कांदे निवडायला वळायची. व्हर्नेलच्या घरी कांदे इतके साठले की शेवटी तिने शेजाऱ्यांना वाटले.

व्हर्नेलला वाटायचं, मोझेलने येऊन माफी मागावी. ती येत नव्हती. आणि आता वेळही उरला नव्हता. गुडघे गेले होते, जिने चढवत नव्हते, म्हणून मुलाने, टेरेन्सने, हट्ट धरला होता. घर विकून झालं होतं. महिनाअखेरीला ती डिट्रॉइटला टेरेन्सकडे कायमची राहायला जाणार होती. हे फक्त क्लॉडेटला माहीत होतं, आणि तिला व्हर्नेलने बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. मोझेलला सांगायचं तर आपण सांगायचं, नाहीतर कुणीच नाही. जायच्या आधी हे भांडण मिटवायचं होतं. नाही मिटलं तर तेसुद्धा सामानात बांधून डिट्रॉइटला न्यावं लागणार होतं, आणि तिकडच्या थंडीत एवढं जड ओझं घेऊन राहायचं तिच्या जिवावर आलं होतं.

क्लॉडेट ही तिसरी मैत्रीण. जन्मभर शाळेची बस चालवलेली. निवृत्त झाली तरी जग तिच्यासाठी बसच होतं. दर ऑक्टोबरात या तिघी एक शनिवार-रविवार सव्हानाला जायच्या, निव्वळ खायला. सव्हानात बघण्यासारखं खूप आहे म्हणतात. जुनी घरं आहेत, चौक आहेत, पुतळे आहेत. या तिघींनी एवढ्या वर्षांत जे बघितलं ते ताटातलं. गेल्या वर्षी लूशियस गेल्यामुळे जाणं हुकलं होतं. यंदा क्लॉडेटने व्हर्नेलला फोन करून सांगितलं, "मोझेल येत नाहीये, तू ये." मग मोझेलला फोन करून सांगितलं, "व्हर्नेल येत नाहीये, तू ये." शुक्रवारी सकाळी व्हर्नेल बॅग ओढत गाडीपाशी आली, तर पुढच्या सीटवर मोझेल जांभळी टोपी घालून बसलेली.

"ही काय इथे?" व्हर्नेलने क्लॉडेटला विचारलं.

"ही काय इथे?" मोझेलनेही क्लॉडेटलाच विचारलं.

"पट्टे लावा," क्लॉडेट म्हणाली. "वाटेत कुणाला उतरवणार नाही. हात खिडकीबाहेर काढायचे नाहीत आणि एकमेकींच्या अंगावर तर नाहीच नाही."

मग सव्हाना येईपर्यंत जे काही बोलणं झालं ते क्लॉडेटच्या मार्फत.

"क्लॉडेट, तिला सांग, माझ्या पायांवर गार वारा येतोय," व्हर्नेल मागून म्हणाली.

"क्लॉडेट, तिला सांग, मोजे घाल. म्हातारी झालीस."

"क्लॉडेट, तिला सांग, ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे."

"मी कुणाला काही सांगत नाहीये," क्लॉडेट म्हणाली. "शाळेतली पोरं बरी होती. ती निदान ओरडून भांडायची."

व्हर्नेलने आरशासमोर एक वाक्य घोटून ठेवलं होतं. 'मोझेल, झालं ते झालं.' वाक्य सोपं होतं. पण समोर जांभळी टोपी दिसली की मटार आठवायचे आणि वाक्य घशात अडकायचं. तिने स्टेट्सबरोच्या आसपास एकदा तोंड उघडलं. मोझेलने मान किंचित वळवली. व्हर्नेल म्हणाली, "क्लॉडेट, शेंगदाणे आहेत का?" उकडलेले शेंगदाणे होते. ते तिने सव्हानापर्यंत खाल्ले.

संध्याकाळी नदीकाठी खेकडे खायला गेल्या. तिथे टेबलावर वर्तमानपत्र अंथरतात आणि मोठ्या पातेल्यातून सगळं एकदम ओततात. कोळंबी, मक्याची कणसं, सॉसेज, बटाटे आणि वाफाळते खेकडे, सोबत वितळलेलं लोणी. मग ज्याने त्याने हाताने फोडून खायचं. व्हर्नेलची पंचाईत इथे झाली. तिची बोटं संधिवाताने आखडली होती. इतकी वर्षं तिचे खेकडे मोझेलच फोडून द्यायची, आणि द्यायची म्हणजे बोलत बोलत, नकळत, आई पोराला घास भरवते तसं. यंदा व्हर्नेलने लाकडी हातोडी घेतली आणि स्वतः ठोकायला सुरुवात केली. पहिल्या घावात नांगी शेजारच्या टेबलावर गेली. दुसऱ्या घावात रस क्लॉडेटच्या चष्म्यावर उडाला. तिसरा घाव व्हर्नेलने स्वतःच्याच अंगठ्यावर घातला, आणि चर्चमधल्या बाईच्या तोंडी शोभणार नाही असा एक शब्द नदीवरून पलीकडे दक्षिण कॅरोलिनापर्यंत गेला.

मोझेलचे हात मात्र चालूच होते. ती खाली मान घालून खेकडे फोडत होती. फोडलेलं पांढरंशुभ्र मांस ती वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात रचत गेली. चांगला ढीग झाला, तशी म्हणाली, "क्लॉडेट, माझं पोट भरलं. हे उरलंय. कुणाला हवं तर घ्या, नाहीतर टाकून द्या." आणि हात धुवायला उठून गेली.

व्हर्नेलने त्या ढिगाकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं. मग पुन्हा ढिगाकडे.

"खा गं," क्लॉडेट चष्मा पुसत म्हणाली. "मी डोळे मिटते."

मोझेल परत आली तेव्हा कोपरा साफ होता. "मांजर आलं होतं," क्लॉडेट म्हणाली. मोझेलने व्हर्नेलच्या हनुवटीवरचं लोणी पाहिलं आणि तोंड फिरवलं. हसू लपवायला की राग, ते व्हर्नेलला कळलं नाही. तिला रडू मात्र आलं, आणि तिने ते तिखट मसाल्यावर ढकललं.

शनिवारी दुपारी मिस ओडेसाच्या जेवणघरापुढे रांगेत उभ्या राहिल्या. सव्हानाला येऊन तिथे न जेवणं म्हणजे आलोच नाही असं या तिघींचं मत होतं. तिथे वेगळी टेबलं मागायची सोय नाही. मिस ओडेसा दारात उभी राहते, डोकी मोजते आणि मोठमोठ्या टेबलांभोवती अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसवून टाकते. जेवणाआधी प्रत्येकाने नाव-गाव सांगायचं, हात धरून प्रार्थना करायची, आणि मग वाडगी डावीकडे फिरवायची. पलीकडे हात लांबवायचा नाही. काय हवं ते शेजाऱ्याकडे मागायचं. मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितल्यावर नाही म्हणता येत नाही, असा तिथला कायदा.

"या टेबलाला दोन खुर्च्या," मिस ओडेसा म्हणाली. "तुम्ही दोघी इकडे. चष्मेवाल्या बाई, तुम्ही तिकडे खिडकीशी."

"अहो, आम्ही एकत्र आहोत!" मोझेल आणि व्हर्नेल दोघी एकदम ओरडल्या. वर्षभरात दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

क्लॉडेट मात्र खिडकीशी पोहोचलीसुद्धा. तिकडून तिने हात हलवला. मधला दुभाष्या गेला.

टेबलावर व्हर्नेलच्या डावीकडे मोबिलहून आलेला एक धिप्पाड गृहस्थ बसला होता. थडियस त्याचं नाव, आणि तो रुमाल गळ्यात खोचून केव्हाचा तयार होता. समोर ओहायोचं एक नवं जोडपं होतं. बाकीचे जॉर्जियातलेच. एकेक जण नाव-गाव सांगू लागला. मोझेल म्हणाली, "मोझेल ग्रेडी. मेकन." मग व्हर्नेलची पाळी आली.

"व्हर्नेल टॉलिव्हर," ती म्हणाली. "मेकन." आणि का कोण जाणे, अनोळखी माणसांपुढे जीभ सैल सुटते म्हणा, तिच्या तोंडून निघून गेलं, "सध्या मेकन. महिनाअखेरीपासून डिट्रॉइट."

शेजारी मोझेलचा काटा ताटावर वाजला. पण लगेच प्रार्थना सुरू झाली आणि हात धरणं भाग पडलं. मोझेलचा हात गार पडला होता. देवाचे आभार मानेपर्यंत तिने तो व्हर्नेलच्या हातात ठेवला आणि आमेनला व्हर्नेलचा हात इतक्या जोरात दाबला की तिचा आदल्या दिवशी ठेचलेला अंगठा ठणकला.

"डिट्रॉइटला कोण जातंय?" मोझेलने विचारलं. सरळ, तोंडाकडे बघून.

"मी."

"फिरायला?"

"राहायला. टेरेन्सकडे. घर विकलं."

इतक्यात उजवीकडून वाडगी यायला लागली. तळलेलं कोंबडं गेलं, लाल भात गेला, भेंडी गेली. मग मॅकरोनी आली. मोझेलने वाडगं घेतलं, चमचा उचललाच नाही आणि ते तसंच व्हर्नेलच्या हातात दिलं. दिलं म्हणजे पुढे केलं, सोडलं नाही. व्हर्नेलने दुसऱ्या बाजूने धरलं.

"आणि मला कधी सांगणार होतीस?" मोझेल म्हणाली. "ख्रिसमसच्या कार्डावर?"

"वर्षभर तू बोललीस माझ्याशी?"

"मी बोलले नाही? माझा नवरा पेटीत होता आणि तू डोकं दुखतंय म्हणून पळून गेलीस! तू बोलायला यायचंस!"

"मी का येऊ? मला प्लेटा आणायला कुणी सांगितलं?"

सगळं टेबल दोघींकडे वळलं. थडियसने गळ्यातला रुमाल काढला. "थांबा," तो म्हणाला. "बाई, तुम्ही यांना प्लेटा आणायला सांगितल्या? कागदी?"

"मयताच्या जेवणाला," व्हर्नेल म्हणाली.

"अरे देवा," पलीकडून कुणी म्हातारी पुटपुटली.

"आणि मॅकरोनी सुनेला दिली. तिने त्यात मटार घातले."

"अरे देवा रे देवा," म्हातारीने पुन्हा म्हटलं आणि छातीवर हात ठेवला.

"पण प्लेटा आणायला सांगितल्या तर त्यात काय झालं?" ओहायोच्या नवरीने विचारलं. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

मोझेलचे हात वाडग्यावर घट्ट झाले. "सुनेला दिली, कारण मला माहीत होतं तिची कुणी खाणार नाही," ती म्हणाली. "तुझी ठेवली असती तर लोक तुटून पडले असते. चाळीस वर्षं त्या रांगेत पहिला कोण उभा राहायचा, व्हर्नेल? माझा लूशियस! ताट भरून घ्यायचा आणि मला ऐकू जाईल असं सगळ्या हॉलला सांगायचा, 'याला म्हणतात मॅकरोनी!' घरी मी करायचे, तर चमच्याने उकरून बघायचा मेला. हट्टाने मी तुझी मॅकरोनी कधी तोंडात घातली नाही. त्या दिवशी तुझा ट्रे तिथे असता, रांग लागली असती, आणि रांगेत पहिला दुसराच कुणी उभा असता. मला बघवलं नसतं गं."

व्हर्नेल वाडग्यातल्या मॅकरोनीकडे बघत राहिली. थडियस मात्र पुढे झुकला. "भांडण निवांत चालू द्या," तो हळूच म्हणाला, "पण वाडगं सोडा. मॅकरोनी गार होतेय."

वाडगं कुणी सोडलं नाही.

"मग मला सॅलड सांगायचंस," व्हर्नेल म्हणाली. आवाज आता बारीक झाला होता. "केक सांगायचास. प्लेटाच का?"

"कारण त्या दुकानातून आणायच्या असतात," मोझेल म्हणाली. "सॅलड सांगितलं असतं तर तू आदल्या रात्रीपासून ओट्याशी आणि दिवसभर स्वयंपाकघरात राहिली असतीस. मला तू शेजारी हवी होतीस. तुझे हात मोकळे हवे होते. मी शेजारची खुर्चीसुद्धा अडवून ठेवली होती, पर्स ठेवून. लोक विचारत होते, इथे कुणी आहे का. मी म्हणत होते, आहे, येतेय ती."

थडियसने रुमालाने डोळे टिपले. ओहायोच्या नवरीने नवऱ्याचा दंड धरला. एवढं मात्र तिलाही समजलं होतं.

व्हर्नेलला वर्षभराचे कांदे आठवले आणि स्वतःची इतकी लाज वाटली की तिला त्या टेबलाखाली शिरावंसं वाटलं. पर्स ठेवलेली खुर्ची तिच्या डोळ्यांपुढून हलेना. घोटलेलं वाक्य आता कामाचं नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मोझेल, माझं फार चुकलं."

"चुकलंच," मोझेल म्हणाली. "आणि आता डिट्रॉइटला चाललीस. तिकडे तुझे खेकडे कोण फोडणार?"

"तिकडे कुठले आलेत खेकडे?"

"मग कशाला चाललीस अशा गावात?" असं म्हणून मोझेल जी रडायला लागली, ती मिस ओडेसा स्वतः पीचच्या गोडाची गरम वाटी घेऊन येईपर्यंत थांबली नाही. वाडगं तेवढ्यात थडियसने दोघींच्या हातांतून अलगद सोडवून घेतलं होतं. त्याने स्वतःला वाढून घेतलं, चव पाहिली आणि व्हर्नेलला म्हणाला, "बाई, तुमची याहून चांगली असते?" व्हर्नेलने रडता रडताच एक घास घेतला. "पुष्कळ," ती म्हणाली.

खिडकीशी बसलेल्या क्लॉडेटने तोवर तीन वाट्या पीच संपवले होते. परतीच्या वाटेवर दोघी मागच्या सीटवर बसल्या आणि मेकन येईपर्यंत तोंडाला क्षणभर विश्रांती नाही. क्लॉडेटला आरशात बघून आदला शुक्रवार बरा वाटायला लागला.

व्हर्नेलच्या निरोपाचं जेवण महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये झालं. कुणी काय आणायचं ते मोझेलने ठरवलं होतं. निरोप ज्याचा त्याने काही आणायचं नसतं, पण मोझेलने फोन करून बजावलं होतं, "मॅकरोनी तुझी. दुसऱ्या कुणी केली तर मी हॉलला कुलूप लावीन." ब्रियानाला बर्फ आणायला सांगितलं होतं. तिने तो मुकाट्याने आणला होता.

व्हर्नेल ट्रे घेऊन हॉलमध्ये आली. टेबलं भरली होती. सगळ्यांच्या नजरा मोझेलची रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेली पाई कुठे आहे ते शोधत होत्या, कारण आमच्या चर्चमध्ये मोझेलच्या पाईशिवाय जेवण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तेवढ्यात दार ढकलून मोझेल आली. जांभळी टोपी, चर्चचे चांगले कपडे, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेला कागदी प्लेटांचा हा एवढा गठ्ठा. हॉलमध्ये कुजबुज झाली. पाद्रीबुवांनी घसा खाकरला. एका सिस्टरने दुसरीला विचारलं, हिच्या हातचं बिघडलं की काय?

मोझेल कुणाकडे न बघता टेबलापाशी गेली. तिने गठ्ठा फोडला, वरची प्लेट घेतली आणि प्रार्थना व्हायच्या आत, रांग लागायच्या आत, मॅकरोनीच्या ट्रेपुढे जाऊन पहिली उभी राहिली. ढीगभर वाढून घेतलं. तिथेच उभ्याने एक घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली.

"काय?" व्हर्नेलने विचारलं. तिने ट्रेची कड धरून ठेवली होती.

मोझेलने घास गिळला. डोळे भरून आले होते, टोपी जरा वाकडी झाली होती.

"गाढव लूशियस खरं बोलत होता गं," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा चमचा ट्रेमध्ये घातला.